आडात आहे ते पोहऱ्यात कसे आले? कतारच्या नैसर्गिक वायूविषयी

तळटीप | ६ जुलै २०२५, सकाळी १०.१२

नमस्कार. १४ जून रोजी इस्रायलने केलेल्या हल्ल्यात इराणच्या दक्षिण पार्स वायुक्षेत्राच्या चौदाव्या टप्प्यातील प्रक्रिया केंद्राला आग लागल्याची बातमी आपण वाचली असेलच. त्या बातमीसोबतचा नकाशा नीट पाहिला, तेव्हा माझ्या लक्षात आले की इराण ज्याला दक्षिण पार्स म्हणतो आणि कतार ज्याला नॉर्थ फील्ड म्हणतो ते समुद्रतळाखालचे एकच क्षेत्र आहे. सुमारे ९,७०० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रापैकी ६,००० चौरस किलोमीटर कतारच्या वाट्याला आणि ३,७०० इराणच्या वाट्याला आले आहेत. जगात नैसर्गिक वायूचे हे सर्वांत मोठे क्षेत्र मानले जाते.

माझा प्रश्न असा आहे. देशातले एकूण साठे पाहिले तर रशियानंतर इराणचा क्रमांक लागतो आणि कतार तिसरा आहे. असे असताना जहाजांनी वायू विकून श्रीमंत झाला तो कतार, आणि इराणच्या पदरी मात्र निर्यातीचे फारसे काही पडले नाही. एकाच आडातून दोघेही पाणी काढत असताना एकाच्याच पोहऱ्यात ते कसे आले? ही केवळ अमेरिकी निर्बंधांची करणी आहे, की आणखी काही आहे?

शिवाय एका वृत्तपत्रात कतारचा साठा '२४ ट्रिलियन' असा दिला आहे, तर दुसऱ्यात '८५० ट्रिलियन'च्या आसपास. यांतले खरे कोणते, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

आकडेमोड | ६ जुलै, १०.४०

दोन्ही खरे आहेत. एकाने घनमीटर दिले आहेत आणि दुसऱ्याने घनफूट. एका घनमीटरात सुमारे ३५.३ घनफूट असतात; २४ ला ३५.३ ने गुणल्यास ८४७ येतात. आपल्या पद्धतीने सांगायचे तर कतारचा साठा सुमारे २४ लाख कोटी घनमीटर आहे. वायूच्या बातम्या वाचताना आकड्याच्या आधी एकक पाहावे, ही सवय मला पूर्वी केलेल्या एका चुकीमुळे लागली; ती चूक येथे सांगत नाही.

सामाईक_विहीर | ६ जुलै, १०.५५

आमच्या गावी सातबाऱ्यावर सामाईक विहीर असलेले दोन भाऊ आहेत. थोरल्याने विजेची मोटर बसवली, धाकट्याचा अर्ज अजून वीज कचेरीत पडून आहे. विहीर दोघांची, ऊस एकाचाच. तळटीप यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तरी यातच दिसते.

दोहाकर | ६ जुलै, दुपारी १.२०

सामाईक_विहीर, उदाहरण चपखल आहे, पण येथे मोटर बसवणाऱ्यालाही वीस वर्षे त्या विहिरीचे काय करावे ते कळत नव्हते. मी २००६ ते २०१२ या काळात रास लफान या कतारच्या वायू कारखान्यांच्या बंदरात देखभाल विभागात होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हे क्षेत्र सापडले १९७१ साली. शेल कंपनी खनिज तेल शोधत होती आणि लागला तो वायू. त्याच वर्षी, ३ सप्टेंबरला, कतार स्वतंत्र झाला. तेलाचा थेंब नाही म्हणून त्या वेळी निराशाच झाली, कारण तेल पिंपात भरून विकता येते, वायूचे तसे नाही. तो न्यायचा तर नळ हवा किंवा तो थंड करून द्रवरूप करण्याचा महागडा कारखाना हवा, आणि मुख्य म्हणजे तो घेणारे गिऱ्हाईक आधी हवे. तेलाचा बाजार जगभर भरलेला असतो; द्रवरूप वायूचा कारखाना मात्र वीस-पंचवीस वर्षांचे गिऱ्हाईक हाती असल्याशिवाय कोणी उभारत नसे, कारण बँका पैसेच देत नसत.

कतारगॅस कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली. १९९१ पासून क्षेत्रातला वायू देशांतर्गत वापरासाठी येऊ लागला. निर्यात प्रकल्पातील एक भागीदार ब्रिटिश पेट्रोलियम १९९२ मध्ये बाहेर पडली आणि मोबिल आत आली. जपानच्या चुबू इलेक्ट्रिक या वीज कंपनीने वर्षाला ४० लाख टन घेण्याचा शब्द दिला, तेव्हा कोठे गाडे हलले. पहिले जहाज डिसेंबर १९९६ मध्ये रास लफानहून निघाले आणि जानेवारी १९९७ मध्ये जपानला पोचले. शोध लागल्यापासून पंचवीस वर्षे झाली होती. कर्ज घेऊन बंदर आणि कारखाने उभारण्याची ही जोखीम त्या वेळी अनेकांना वेडेपणा वाटली होती, असे तेथील जुने सहकारी सांगत.

मी तेथे पोचलो तेव्हा ७८ लाख टनांच्या एकेका महासंचाची उभारणी चालू होती. द्रवीकरणाच्या अशा संचाला तेथे 'ट्रेन' म्हणतात. वायू ओळीने एकामागून एक टप्प्यांतून जातो म्हणून ते नाव पडले असावे. पहिल्या आठवड्यात मी मात्र रूळ शोधत होतो. डिसेंबर २०१० मध्ये एकूण १४ ट्रेन मिळून वर्षाला ७.७ कोटी टनांची क्षमता पूर्ण झाली. त्याआधीच, २००६ मध्ये, इंडोनेशियाला मागे टाकून कतार द्रवरूप वायूचा सर्वांत मोठा निर्यातदार झाला होता.

रसायनी | ६ जुलै, २.०५

दोहाकर यांच्या माहितीत थोडी भर घालते. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटीने कमी होते. सहाशे खोल्यांचा वायू एका खोलीत मावतो, म्हणून तर तो जहाजाने नेणे परवडते. पण विहिरीतून वर येणारा वायू निव्वळ मिथेन नसतो. त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो, कार्बन डायऑक्साइड असतो, पाण्याची वाफ असते. हे सर्व आधी काढावे लागते, नाहीतर नळ्यांत बर्फ साचून यंत्रणा बंद पडेल.

कतारच्या यशाचे एक कारण या 'काढलेल्या' वस्तूंतही आहे. या क्षेत्रातील वायूसोबत कंडेन्सेट नावाचे हलके तेल मोठ्या प्रमाणात येते आणि ते कच्च्या तेलासारखे लगेच विकता येते. प्रोपेन आणि ब्युटेन वेगळे विकले जातात, गंधक वेगळे विकले जाते आणि शेवटी उरणारा हेलियमही विकला जातो. जगातल्या हेलियमपैकी सुमारे तीस टक्के कतारमधून येतो. केवळ द्रवरूप वायूवर विसंबून राहावे लागले असते, तर सुरुवातीच्या स्वस्ताईच्या काळात हा सगळा डोलारा उभा राहिला असता का, याविषयी मला शंका आहे.

चिकित्सक | ६ जुलै, ३.३०

दोहाकर आणि रसायनी यांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण त्यांतून कतारच्या दूरदृष्टीचे थोडे अधिकच कौतुक होते आहे असे मला वाटते. मूळ फरक लोकसंख्येचा आहे. कतारमध्ये सुमारे तीस लाख लोक राहतात आणि त्यांतले नागरिक तर जेमतेम दहा-बारा टक्के आहेत. इराणमध्ये नऊ कोटी लोक आहेत. इराण वायू काढत नाही असे मुळीच नाही. अमेरिका आणि रशिया यांच्या खालोखाल तोच सर्वांत मोठा उत्पादक आहे, आणि त्याच्या उत्पादनापैकी सुमारे सत्तर टक्के याच दक्षिण पार्समधून येते. पण तो वायू घरे तापवण्यात, वीज करण्यात, खते आणि पोलाद बनवण्यातच संपतो. गेल्या डिसेंबरात थंडी वाढल्यावर वायू आणि विजेच्या टंचाईमुळे तेथे शाळा आणि सरकारी कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ज्याच्या घरातच खाणारी तोंडे इतकी, तो बाजारात काय नेणार? तेव्हा आडात असून पोहऱ्यात आले नाही असे म्हणण्यापेक्षा, पोहरा वर येताच घरातच रिकामा झाला, असे म्हणणे न्यायाचे होईल.

तळटीप | ६ जुलै, ४.१०

चिकित्सक, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आभारी आहे. तरीही निर्यातीची इच्छा असूनही इराणला ती जमली नाही, हे खरे ना?

आकडेमोड | ६ जुलै, ४.४५

खरे आहे. कालक्रम पाहावा. कतारने या क्षेत्रातून १९९१ मध्ये वायू काढायला सुरुवात केली, इराणने २००२ मध्ये. निर्यातीसाठी इराणने तोंबक येथे द्रवीकरण प्रकल्प हाती घेतला होता. निर्बंधांमुळे यंत्रसामग्री मिळेना आणि तो अर्धवट राहिला. दक्षिण पार्सच्या अकराव्या टप्प्यातून फ्रान्सची टोटाल २०१८ मध्ये बाहेर पडली, पुढच्या वर्षी चिनी कंपनीही गेली आणि शेवटी इराणच्याच पेट्रोपार्सने २०२३ मध्ये तेथून उत्पादन सुरू केले. म्हणजे लोकसंख्याही आहे आणि निर्बंधही आहेत. दोन्ही कारणे खरी असू शकतात. येथे मतदान घ्यायची गरज नाही.

ठाणेकरीण | ६ जुलै, सायंकाळी ६.१५

हे सगळे वाचताना एक अडाणी प्रश्न मनात आला. आमच्या घरी पूर्वी सिलिंडर होता, आता नळाचा गॅस आहे. यांतला कतारचा कोणता? सासूबाई म्हणतात की सिलिंडरचा गॅस अरबांचा आणि नळाचा आपला, मुंबईच्या समुद्रातला.

रसायनी | ६ जुलै, ६.४०

प्रश्न अडाणी नाही, बहुतेकांचा हाच गोंधळ असतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ते साध्या तापमानाला, दाबाखाली द्रवरूप राहतात. नळाचा आणि सीएनजी पंपावरचा वायू म्हणजे मिथेन. सासूबाईंचे निम्मे बरोबर आहे. सिलिंडरच्या वायूपैकी मोठा भाग आखातातून, त्यात कतारमधूनही, आयात होतो. नळाच्या वायूमध्ये मुंबई हाय आणि देशातील इतर क्षेत्रांचा स्वस्त वायू आधी वाटला जातो, आणि तो कमी पडतो तेथे आयात केलेला द्रवरूप वायू पुन्हा वायुरूप करून मिसळला जातो. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केंद्राने शहरी कंपन्यांना मिळणाऱ्या या स्वस्त वायूचा वाटा कमी केला, त्यानंतर सीएनजीचे दर वाढले ते यामुळेच. एकदा नळात शिरला की मुंबईचा रेणू कोणता आणि कतारचा कोणता हे कोणालाच सांगता यायचे नाही. आणि वास म्हणाल तर तो दोघांनाही नसतो. गळती कळावी म्हणून तो मागाहून घातला जातो.

ठाणेकरीण | ६ जुलै, ६.५२

सासूबाईंना निम्मे गुण दिल्याचे सांगितले. त्या पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करणार आहेत.

बंदरकाठी | ६ जुलै, रात्री ९.३०

कतारचा वायू भारतात येतो तो मुख्यतः गुजरातमधील दहेज येथे. माझी नोकरी नौवहन क्षेत्रातली असल्याने जहाजांविषयी दोन शब्द. २००४ च्या जानेवारी अखेरीस पहिला माल घेऊन आलेल्या जहाजाचे नाव होते 'दिशा'. पुढे 'राही' आणि 'असीम' आली. ही जहाजे एक लाख अडतीस हजार ते एक लाख पंचावन्न हजार घनमीटर क्षमतेची. कतारने स्वतःसाठी बांधून घेतलेली क्यू-मॅक्स जहाजे दोन लाख सहासष्ट हजार घनमीटरची आहेत आणि आता चीनमध्ये त्याहूनही थोडी मोठी, दोन लाख एकाहत्तर हजारांची, जहाजे बांधायला दिली आहेत.

अंतर हा मोठा फायदा आहे. रास लफानहून निघालेले जहाज साधारण तीन दिवसांत दहेजला लागते, जपानला पोचायला मात्र दोन आठवड्यांहून अधिक लागतात. कोकण किनाऱ्यावर आपल्याकडे दाभोळला द्रवरूप वायूचे बंदर आहे, पण लाटा अडवणारा बंधारा नसल्याने तेथे कित्येक वर्षे पावसाळ्यात जहाजच लागत नसे. ऐन जुलैत दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी ज्याने समुद्र पाहिला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

चिकित्सक | ६ जुलै, ९.५५

एन्रॉनचा प्रकल्पही कतारच्याच वायूवर चालणार होता ना?

बंदरकाठी | ६ जुलै, १०.१०

नाही. पहिला टप्पा नाफ्त्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर, चालला. दुसऱ्या टप्प्यासाठी ओमान आणि अबू धाबी येथून द्रवरूप वायू आणण्याचे करार होते, पण २००१ मध्ये प्रकल्पच बंद पडला. बंदराचा उपयोग सुरू झाला तो २०१३ मध्ये.

करारपत्र | ७ जुलै, सकाळी ८.५०

आतापर्यंत साठा, कारखाना आणि जहाज आले. चौथी गोष्ट म्हणजे कागद. माझ्या मते कतारची खरी ताकद त्या कागदातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

द्रवरूप वायू आयात करणारी भारताची पेट्रोनेट आणि कतारची रासगॅस या कंपन्यांत जुलै १९९९ मध्ये वर्षाला ७५ लाख टनांचा पंचवीस वर्षांचा करार झाला. सुरुवातीची पाच वर्षे दर दहा लाख ब्रिटिश उष्मा एककांना २.५३ डॉलर असा स्थिर ठेवला होता. त्या काळात तेलाच्या बाजारभावात कितीही उड्या पडल्या तरी वायू आपल्याला तेवढ्यालाच मिळत होता. पुढे दर तेलाच्या भावाशी जोडला गेला, पण साठ महिन्यांच्या सरासरीशी. हे सूत्र भाव चढताना घेणाऱ्याला वाचवते आणि भाव पडताना त्याच्या मानगुटीवर बसते. २०१४ च्या उत्तरार्धात तेल कोसळले, तेव्हा बाजारात वायू सात-आठ डॉलरला मिळत असताना कराराचा दर बारा-तेरा डॉलरच्या घरात राहिला. पेट्रोनेटने २०१५ मध्ये ठरल्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश माल कमी उचलला. अशा करारात 'माल घ्या, नाहीतर पैसे भरा' हे कलम असते. त्याप्रमाणे दंड होत होता सुमारे १२,००० कोटी रुपये.

येथे कतारने जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने दंड सोडून दिला, सूत्र तीन महिन्यांच्या सरासरीवर आणले, दर सहा-सात डॉलरवर आला आणि त्या बदल्यात भारताने वर्षाला आणखी दहा लाख टन घेण्याचे मान्य केले. जुना किराणा दुकानदार उधारी माफ करून गिऱ्हाईक टिकवतो, त्यातलाच हा प्रकार. त्याचे फळ त्याला ६ फेब्रुवारी २०२४ रोजी मिळाले. गोव्यात भरलेल्या 'इंडिया एनर्जी वीक'मध्ये त्याच ७५ लाख टनांचा करार २०२८ पासून पुढे वीस वर्षांसाठी वाढवण्यात आला. या वेळी माल दहेजला पोचवण्याची जबाबदारी विकणाऱ्याकडे आहे. पूर्वी तो रास लफानच्या धक्क्यावरून आपण आपल्या जहाजांनी उचलत होतो.

आकडेमोड | ७ जुलै, ९.२०

या ७५ लाख टनांचे मोल कळावे म्हणून ढोबळ हिशेब देतो. ते वायुरूप केल्यावर वर्षाला सुमारे १,०२० कोटी घनमीटर होतात, म्हणजे दिवसाला २.८ कोटी घनमीटर. भारताचा रोजचा वापर सुमारे १९ कोटी घनमीटर आहे. एका कागदावर देशाच्या वापराचा जवळपास सातवा हिस्सा अवलंबून आहे.

चिकित्सक | ७ जुलै, ९.४५

करारपत्र यांचा दुकानदार मला तितकासा उदार वाटत नाही. २०१५ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांचे नवे कारखाने उघडत होते, बाजारात वायू ओसंडत होता आणि गिऱ्हाईक हातचे जाईल अशी भीती होती. भाव चढे असते तर दंड सोडला असता का? शिवाय आपण २०४८ पर्यंत स्वतःला बांधून घेतले आहे. भारताच्या एकूण ऊर्जावापरात वायूचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे आणि तो २०३० पर्यंत पंधरा टक्के करण्याचे उद्दिष्ट आहे. तोवर सौर वीज आणखी स्वस्त झाली तर हा माल कोणाच्या गळ्यात घालायचा?

करारपत्र | ७ जुलै, १०.३०

भीती होती हे मान्य आहे. व्यापारात उदारता भीतीतूनच येते, त्यात कमीपणा नाही. पण २०२२ आठवा. युक्रेन युद्धानंतर तात्कालिक बाजारात, म्हणजे दीर्घ कराराविना एकेक जहाज विकले जाते तेथे, दर पन्नास डॉलरच्या पलीकडे गेले. गेलला माल देण्यास बांधील असलेल्या, पूर्वी रशियन गाझप्रॉमच्या असलेल्या कंपनीने ठरलेली जहाजे पाठवली नाहीत. पाकिस्तान आणि बांगलादेश यांना तर बाजारातून माल घेणेच अशक्य झाले. त्या काळात कतारची जहाजे दहेजला कराराच्या दराने येत राहिली. सौर विजेविषयी आपण म्हणता ते विजेपुरते खरे ठरेल, पण भारतात वायूचा सर्वांत मोठा ग्राहक खत उद्योग आहे. थळच्या कारखान्यात युरियासाठी लागणारा हायड्रोजन वायूपासूनच मिळतो. तेथे छतावर सौर पट्ट्या बसवून भागत नाही.

तळटीप | ७ जुलै, ११.१५

चर्चा अपेक्षेपेक्षा फार चांगली चालली आहे. एक उपप्रश्न आहे. क्षेत्र सामाईक असेल तर जो अधिक वेगाने उपसेल त्याच्याकडे वायू सरकणार. मग कतारने २००५ ते २०१७ अशी बारा वर्षे नव्या प्रकल्पांवर बंदी का घातली होती?

सामाईक_विहीर | ७ जुलै, ११.२२

आमच्या थोरल्यानेही एकदा आठ दिवस मोटर बंद ठेवली होती. पाणी किती खाली गेले ते पाहायचे होते.

दोहाकर | ७ जुलै, दुपारी १२.५०

सामाईक_विहीर पुन्हा मुद्द्यावरच आले आहेत. अधिकृत कारण नेमके तेच होते: इतका उपसा चालू असताना क्षेत्राचा दाब कसा वागतो याचा अभ्यास करायचा. हे चुनखडकाचे क्षेत्र समुद्रतळाखाली सुमारे तीन किलोमीटरवर आहे आणि सगळीकडे सारखे नाही. एका भागातल्या विहिरी वाढवल्या की दुसऱ्या भागावर काय परिणाम होतो हे वर्षानुवर्षे मोजल्याशिवाय कळत नाही. तोवर मंजूर झालेले प्रकल्प थांबले नव्हते, म्हणून २०१० पर्यंत क्षमता वाढतच राहिली. बंदी एप्रिल २०१७ मध्ये उठली. इराणचा उपसा त्या सुमारास कतारच्या बरोबरीला आला होता, हा योगायोग नसावा असे माझे मत आहे, पण ते मतच समजावे.

बंदी उठल्यावरचा विस्तार प्रचंड आहे. क्षेत्राच्या पूर्व भागातून ३.३ कोटी टन, दक्षिण भागातून १.६ कोटी आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पश्चिम भागातून आणखी १.६ कोटी. म्हणजे आजचे ७.७ कोटी टन या दशकाच्या अखेरीस १४.२ कोटी टन करण्याचा बेत आहे. आज अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया निर्यातीत कतारच्या पुढे किंवा बरोबरीला आहेत, हे चित्र त्यामुळे पुन्हा बदलू शकते.

आकडेमोड | ७ जुलै, १.१५

कतारचे उत्पादन वर्षाला सुमारे १८,००० कोटी घनमीटर धरले, तर २४ लाख कोटींचा साठा १३३ वर्षे पुरतो. दोहाकर यांनी दिलेला विस्तार पूर्ण झाला तर उत्पादन २७,००० कोटींच्या घरात जाईल आणि वर्षे नव्वदीच्या आत येतील. हा माझा कागदावरचा भागाकार आहे. क्षेत्र म्हणजे टाकी नव्हे, शेवटचा वायू पहिल्यासारखा सहज निघत नाही.

उलटी_बाजू | ७ जुलै, ३.००

शेजाऱ्यांचे नाते पाहायचे असेल तर २०१७ चा बहिष्कार पाहावा. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी ५ जूनला कतारशी संबंध तोडले, सीमा आणि आकाश बंद केले. पण रास लफानहून समुद्राखालून अमिरातीला जाणारी डॉल्फिन नळवाहिनी एक दिवसही बंद झाली नाही. दिवसाला सुमारे दोनशे कोटी घनफूट वायू शत्रूच्या वातानुकूलन यंत्रांना जातच होता. फटका बसला तो हेलियमला, कारण त्याच्या टाक्या सौदीच्या रस्त्याने बाहेर जात. दोन्ही हेलियम कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. भांडण कितीही झाले तरी जूनच्या उन्हात गारव्याचा नळ कोणी तोडत नाही.

हिरवा_चष्मा | ७ जुलै, सायंकाळी ५.४०

सर्व चर्चा वायू किती निघतो आणि कितीला विकतो यांभोवतीच फिरते आहे. मिथेन हवेत सुटला तर वीस वर्षांच्या कालावधीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट ताप धरतो, आणि द्रवीकरणासाठी वायूचाच काही हिस्सा जाळावा लागतो, याचा हिशेब कोण मांडणार? युरोपीय संघाने पुरवठा साखळीतील पर्यावरण आणि कामगार हक्क यांविषयी कायदा केला, तेव्हा कतारचे ऊर्जामंत्री साद अल-काबी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये, असा दंड आम्हाला होणार असेल तर युरोपला वायू देणार नाही, अशी सरळ धमकी दिली. आणि या वैभवामागे राबणारे हात आपल्याच उपखंडातले आहेत. दोहाकर यांनी याविषयी काहीच लिहिले नाही.

दोहाकर | ७ जुलै, रात्री ८.१०

लिहायला हवे होते, टोचणी योग्य आहे. मी अभियंता होतो, वातानुकूलित खोलीत राहत होतो. दुरुस्तीसाठी कारखान्याचा एखादा भाग बंद ठेवला जाई, तेव्हा हजारो कंत्राटी कामगार येत. केरळ, आंध्र, नेपाळ, बांगलादेश येथले, थोडेफार आपल्या रत्नागिरी-रायगडकडचे जोडारी आणि वेल्डरही. त्यांच्या बस पहाटे चारला निघत. छातीवर हायड्रोजन सल्फाइड मोजणारे लहान यंत्र लावलेले असे. भोंगा वाजला की आधी खांबावरची वाऱ्याची पिशवी कोणीकडे फुगली आहे ते पाहायचे आणि वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडायचे, पळायचे नाही, हे मराठीतून समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे येई. एका कंत्राटदाराने राजापूरकडच्या एका वेल्डरचे तीन महिन्यांचे पैसे थकवले होते आणि पारपत्रही स्वतःकडे ठेवले होते. मी दोन अर्ज लिहून दिले. पैसे मिळाले, पण वर्षभराने. पुढे कामगार कायद्यांत सुधारणा झाल्या, २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट गेली. तो मात्र त्याआधीच परतला होता.

बंदरकाठी | ८ जुलै, सकाळी ७.३०

मूळ प्रश्नाकडे परत येताना एक गोष्ट राहिली आहे. तळटीप, आपण विचारले की एकाच्याच पोहऱ्यात कसे आले. पण तो पोहरा वर येतो त्या वाटेवर दुसरा भाऊ उभा आहे. आखाताबाहेर जाणारे कतारचे प्रत्येक द्रवरूप वायूचे जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडते. जगाच्या द्रवरूप वायूच्या व्यापारापैकी सुमारे पाचवा हिस्सा त्या वाटेने जातो. सौदीला निदान तांबड्या समुद्रावरच्या यान्बूपर्यंत तेलाची नळवाहिनी आहे. कतारच्या वायूला अशी पळवाट नाही. २३ जूनला इराणने कतारमधील अल उदैदच्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली, कतारचे आकाश काही तास बंद राहिले, तरी रास लफानला हात लागला नाही.

चिकित्सक | ८ जुलै, ८.१५

म्हणूनच कतार इराणशी कधी पुरते बिघडवून घेत नाही. घरात अमेरिकेचा तळ आणि बांधाला बांध लागून इराण, अशी ही कसरत आहे. या मुद्द्यावर माझा करारपत्र यांना प्रश्न आहे: होर्मुझ बंद पडले तर २०४८ पर्यंतचा तो कागद काय कामाचा?

करारपत्र | ८ जुलै, ९.००

अशा वेळी विकणारा 'आपत्तीचे कलम' पुढे करतो आणि मोकळा होतो. मालही येत नाही आणि दंडही लागत नाही. त्यावर उपाय कागदात नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मोझांबिक असा माल वेगवेगळ्या दिशांनी घेत राहणे आणि देशात साठवणूक वाढवणे एवढेच हाती उरते. तेलाचे राखीव साठे आपण मंगळूर, पादूर आणि विशाखापट्टणम येथे भूगर्भात केले आहेत. वायूचे तसे नाहीत, कारण उणे १६२ अंशांची टाकी वर्षभर भरून ठेवली तर त्यातला माल रोज थोडा थोडा उडून जातो.

तळटीप | ८ जुलै, १०.२०

म्हणजे माझ्या प्रश्नाचे उत्तर असे दिसते की आड दोघांचा, पण पोहरा, दोर, गिऱ्हाईक आणि घरातली तोंडे या चारही गोष्टी निरनिराळ्या. आणि वाट पुन्हा सामाईक. दोहाकर, एक शेवटचे विचारतो. वायू काढण्याच्या समुद्रातल्या फलाटावर आपण कधी गेला होतात का? तेथून ती सीमा कळते का?

दोहाकर | ८ जुलै, दुपारी २.४५

दोनदा गेलो होतो, हेलिकॉप्टरने, किनाऱ्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटर. सीमा अशी काही दिसत नाही. साठ मीटर खोल पाणी सगळीकडे सारखेच हिरवट असते. रात्री मात्र उत्तरेच्या क्षितिजावर, इराणच्या बाजूला, ओळीने तांबूस उजेड दिसे. आमच्या फलाटावरचा जुना पर्यवेक्षक तो मोजत असे. पहिल्या खेपेला त्याने चार मोजले होते, दुसऱ्या खेपेला सात.